चिठ्ठी नागपूरची, इंजेक्शन तालुक्याला: माझा अनुभव

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, वणी तालुक्यातला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन, लिहून मिळायला फार त्रास झाला नाही. ते टोचून घ्यायला मात्र दारोदार फिरलो, म्हणून हे लिहितोय.

नागपूरच्या मानसोपचार तज्ज्ञांनी सुरुवातीलाच सांगितलं की ट्रान्स असणं हा मानसिक आजार नाही. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक सूचीत जागतिक आरोग्य संघटनेनं याला मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय. मग हार्मोनतज्ज्ञांनी रक्त तपासलं. पुढे मूल हवंय का, हे विचारलं. एकदा आवाज घोगरा झाला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मग चिठ्ठी दिली.

दर इंजेक्शनाला नागपूर म्हणजे अख्खा दिवस. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडते, एसटीचं भाडं वेगळंच. म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जुनं नाव मोठ्यानं पुकारलं, ओपीडीतली सगळी माणसं वळून पाहायला लागली. चिठ्ठी वाचून म्हणाले, "हे आपल्याकडे होत नाही. उद्या तुझ्या घरचे माझ्यावर केस करतील." मी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र पुढे केलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 15 मध्ये हार्मोन उपचाराची सोय सरकारनं करायची आहे, हे सांगितलं. "कायदा वकिलाले दाखव," म्हणाले. ज्या पुरुषांच्या अंगात हे हार्मोन कमी बनतं, त्यांना हेच इंजेक्शन देतात!

एका खासगी डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी लग्नाचं काढलं. मी उठून आलो.

शेवटी तालुक्यातल्या एक डॉक्टर मॅडम भेटल्या. "मला यातलं फारसं माहीत नाही, थांब," म्हणाल्या आणि माझ्यासमोरच चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. डोस विचारला, तपासण्या विचारल्या. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं तर लगेच कळवायचं, हे केसपेपरवर लिहून घेतलं. मला विचारलं, "नाव कोणतं लिहू?" मग कुपी तळहातात धरून कोमट केली. औषध तेलकट असतं, सावकाश द्यावं लागतं.

पहिल्या डॉक्टरांना माहिती नव्हती, याचा मला राग नाही. त्यांच्या वेळी कॉलेजात हे कुणी नीट शिकवलंच नसेल. राग याचा आहे, की तोच नंबर त्यांच्याही समोर होता.

आता मी नागपूरहून निघतानाच चिठ्ठीच्या मागे लिहून घेतो: डोस किती, कुठे टोचायचं, कोणती तपासणी कधी, अडलं तर फोन कुणाला. आपल्या भागात कुणी उपचार सुरू करत असेल तर पहिल्याच भेटीत एवढं मागून घ्या. रिपोर्ट तालुक्याच्या लॅबमधून काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का, तेही विचारा. आमच्या डॉक्टरांना चालतं.