तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन असताना पत्रबुद्धिबळ कशाला?

‘इंजिन सगळं सांगतं, मग पत्रबुद्धिबळ खेळता कशाला?’ पुण्यात हे मला बुद्धिबळवालेच विचारतात, याचं जास्त वाईट वाटतं. पत्रबुद्धिबळ म्हणजे समोरासमोर न बसता, एकमेकांना चाली पाठवून खेळायचं बुद्धिबळ; इंजिन म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्रॅम. होय, आयसीसीएफच्या, म्हणजे पत्रबुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धांत इंजिन वापरायची मुभा आहे. आम्ही चोरून काही करत नाही.

सदाशिव पेठेत एका जुन्या मित्राकडे पट मांडला होता. एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर, पाचवी जागतिक पत्रबुद्धिबळ स्पर्धा, १९६५ ते १९६८. एक मॉस्कोचा, दुसरा अमेरिकेचा, चाली पोस्टाने. एस्ट्रिन ‘दोन घोड्यांचा बचाव’ या सुरुवातीचा मोठा जाणकार, आणि बर्लिनर काळ्या मोहऱ्या घेऊन त्याच्याशी नेमका तोच बचाव खेळला. दहाव्या चालीला डी-चार या घरातला आपला घोडा मारायला सोडून त्याने प्यादं पुढे ढकललं. तिथे मित्र रंगला होता. एकतिसाव्या चालीला आलो. दोघांकडे एकेक हत्ती आणि तीन-चार प्यादी, पांढऱ्याचा हत्ती एफ-सातच्या प्याद्यावर रोखलेला. ‘काय खेळशील?’ मी विचारलं. त्याने फोनवरच्या इंजिनात स्थिती भरली, कोण किती वरचढ हे सांगणारा आकडा वाचला आणि म्हणाला, ‘कळलं. पुढे?’

काय कळलं? बर्लिनरने ते प्यादं वाचवलंच नाही. हत्ती सी-आठवर नेला, प्यादं जाऊ दिलं, मग हत्ती सी-सातवर आणून समोरच्या हत्तीला भिडवला. हत्तींची मारामारी केली तर एच-पट्टीवरचं एकटं प्यादं पांढऱ्या राजाला तिकडे गुंतवतं आणि काळा राजा इकडे मोकळा. एस्ट्रिनने ती टाळली, तर तोच राजा इ-पाच, डी-चार, डी-तीन, सी-दोन असा थेट आत शिरला. बेचाळिसाव्या चालीनंतर एस्ट्रिनने डाव सोडला. मी हे सांगत होतो आणि मित्र चहा टाकायला उठला. त्याच्याकडे नंतर मी पट मांडलेला नाही.

इंजिनं तगडी झाली तेव्हा मीही म्हणायचो, संपला हा खेळ. त्या वेळच्या मला आज सांगतो: तीन चालींना सारखाच आकडा पडतो, तेव्हा समोरच्याला कुठली जड जाईल हे मलाच शोधावं लागतं. ‘समोरच्याकडेही इंजिन आहे की,’ तो जुना मी म्हणतो. खरंय. जगज्जेतेपदाच्या अंतिम फेरीतही आता बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. तरी एकेका स्थितीत आठवडेच्या आठवडे राहायला मिळतं, ते मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेलं नाही.

पण एकतिसावी चाल बर्लिनरला त्याची त्याने सापडली होती. आज तशी चाल मी पाठवली, तर ती माझी म्हणायची का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.