कुंडीतला नव्हे, हंडीतला झेंडू

१२ जून
गच्चीवर तीन ट्रे पेरले. पहिल्यात गेल्या दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं कुस्करून काढलेलं बी, दुसऱ्यात मखमल (लहान फुलांचा झेंडू), तिसऱ्यात पाकिटातलं 'पॉट मॅरीगोल्ड'. नावावरून वाटलं, कुंडीत मावणारा बुटका झेंडू असणार. खरं तर पाकीट फोडलं तेव्हाच शंका यायला हवी होती. झेंडूचं बी म्हणजे काळी काडी आणि टोकाला पिवळट केसांचा झुपका. यातून निघालं ते वाकडं, खरबरीत, विंचवाच्या नांगीसारखं. तरी पेरलं!

३ जुलै
झेंडू नि मखमल पाचव्या दिवशीच वर आले होते. तिसऱ्या ट्रेमध्ये कशीबशी ५ रोपं उगवली, तीही पावसात बुडाशी सडून आडवी. मग शोधाशोध. हा कॅलेंडुला निघाला, थंडीचं पीक. कूळ सूर्यफुलाचंच, पण आपला झेंडू टॅजेटिस या वेगळ्या प्रजातीतला. इंग्रजीत मॅरीगोल्ड हे नाव आधी कॅलेंडुलाचं. मेक्सिकोकडचा झेंडू युरोपात पोचला तो नंतर. त्यालाही ते चिकटलं, वर 'आफ्रिकन' म्हणून बारसंही झालं. हिमालयातल्या ओलसर कुरणांत फुलणारं मार्श मॅरीगोल्ड तर या कुळातलंसुद्धा नाही. आणि 'पॉट' म्हणजे कुंडी नव्हे, हंडी: पाकळ्या स्वयंपाकात घालायचे. यापुढे पाकिटावरचं लॅटिन नाव वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

३० जुलै
शेंडे खुडले. खुडलेले तुकडे ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचलेत.

दसरा
खोचलेल्यांतले बरेच जगले. पण जूनची पेरणी लवकरच झाली. झेंडूला कळ्या धरायला दिवस लहान व्हावे लागतात, तोवर झाडं नुसती छातीएवढी वाढली आणि एका वादळी रात्री दोन मोडली. तोरणाच्या बियांची फुलंही सरमिसळ: चार झाडांवर भरगच्च गोंडे, बाकी एकेरी. संकरित फुलाचं बी, दुसरं काय होणार! मखमल मात्र गुडघ्याखाली राहून तक्रार न करता फुलतेय.

२० ऑक्टोबर
उरलेलं नांगीवालं बी पेरलं.

२६ डिसेंबर
पहिलं कॅलेंडुला! पानं चिकट, झेंडूचा तो उग्र वास अजिबात नाही, आणि संध्याकाळी फूल मिटतं. दोन फुलांच्या पाकळ्या भातात टाकल्या. रंग जेमतेम पिवळा, चव शून्य. आईनं ताट बघून विचारलं, "हळद संपली होती का रे?"