स्टोरेज सर्व्हरला दोन गेटवे आणि माझी महापेची रात्र

परवा रात्री साडेअकराला ठाण्याहून महापेला, आमचा सर्व्हर आहे तिथे, जावं लागलं, कारण मीच. डिस्क गेली नव्हती, सर्व्हर पडला नव्हता, मी घरी बसून एक रूट (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं ही नोंद) डिलीट केला आणि माझंच एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करायचं कनेक्शन, गेलं.

तर झालं असं की आमच्या स्टोरेज सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट, मॅनेजमेंटचा १०.१०.१.२० आणि डेटाचा १०.१०.५०.२०, आणि ज्याने कोणी सेटअप केला (मीच, दोन वर्षांपूर्वी) त्याने दोन्हीला गेटवे (दुसऱ्या नेटवर्कात नेणाऱ्या राउटरचा पत्ता) भरला, कारण काय तर रकाना होता. काही अडलं नाही कारण एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) वापरणारे सगळे सर्व्हर त्याच १०.१०.५० नेटवर्कमध्ये, शेजारच्याला हाक मारायला राउटर कशाला लागतोय. मागच्या आठवड्यात १०.१०.६० मध्ये नवीन मशीन आल्या आणि तिथून माउंट मारला, म्हणजे स्टोरेज जोडायला गेलं, की नुसता लटकतोय. नेटवर्कवाले म्हणाले "आमच्याकडून सगळं ओपन आहे". हे ते नेहमीच म्हणतात, पण यावेळी खरं निघालं.

टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावला तर २०४९ या एनएफएसच्या नंबरवर रिक्वेस्ट डेटा पोर्टवर येतेय आणि उत्तर शून्य, एरर पण नाही. हा आरपी फिल्टर, आलेलं पॅकेट योग्य रस्त्याने आलं का ते तपासणारी सेटिंग. लिनक्स बघतो की पॅकेट आलं डेटाकडून पण या पत्त्याला जायचा माझा रस्ता मॅनेजमेंटकडून आहे, म्हणजे गडबड, द्या फेकून. व्हॅल्यू १ असली की असा कडक, २ केली की सैल. मी २ केली, वाटलं सुटलो, कसलं काय, आता उत्तर निघालं पण मॅनेजमेंटच्या पोर्टमधून आणि तिकडच्या फायरवॉलने अडवलं.

सोसायटीला दोन गेट असतात बघा. मागच्या गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत आलात आणि पुढच्या गेटने निघालात तर वॉचमन काका म्हणणार, तुमची एंट्रीच नाही. फायरवॉलने सिन (कनेक्शनची पहिली विनंती) बघितलाच नव्हता, एकदम सिन-ॲक (तिचं उत्तर) समोर, तो कशाला सोडेल.

आणि मॅनेजमेंटकडूनच का, तर दोन डिफॉल्ट रूट (दुसरा कुठला रूट लागू नसेल तेव्हाचा, गेटवेकडे जाणारा) असले की कमी मेट्रिकवाला, म्हणजे कमी पसंती-आकड्याचा, जिंकतो, इथे एकाला १०० आणि दुसऱ्याला १०१, म्हणजे दुसरा शोभेला. एक गेला तर दुसरा कामाला येईल असं मलाही बरीच वर्षं वाटायचं, पण समोरचा राउटर मेला तरी केबलला लिंक असेपर्यंत रूट जागचा हलत नाही. आयपी रूट गेट आणि पुढे क्लायंटचा पत्ता, एवढी कमांड मारली असती तर हे सगळं सकाळीच दिसलं असतं.

मग रात्री जोशात मॅनेजमेंटचा डिफॉल्ट उडवला. आता मी घरून व्हीपीएनने (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता) १०.८.० नेटवर्कमधून येतो आणि मला मिळणारी उत्तरं त्याच रूटने यायची, हे डोक्यातच आलं नाही. स्क्रीन गोठली. रीबूट केला असता तर जुना रूट परत आला असता, पण चालू स्टोरेज रीबूट करा हे कोणाला सांगणार? रिमोट कन्सोलचा (नेहमीचं कनेक्शन गेलं तरी दुरून सर्व्हर हाताळायचा) पोर्ट आहे, पण त्यात केबल कोणी लावलेलीच नाही. काढली बाईक, ऐरोली, रबाळे, घणसोली, ठाणे-बेलापूर रोडला फक्त ट्रक आणि मी.

तिथे बघतो तर नवीन मशीनचे माउंट मस्त चालू, मी सोडून सगळे खूश. डिफॉल्ट डेटाकडेच ठेवला, कारण स्टोरेजकडे उद्या कुठल्या नेटवर्कातून कोण येईल सांगता येत नाही, मॅनेजमेंटला येणारे मात्र बोटावर मोजण्याइतके, व्हीपीएन आणि मॉनिटरिंग, त्यांचे दोन स्टॅटिक (हाताने भरलेले) रूट मॅनेजमेंटच्या गेटवेकडून, १०.१०.१.१ कडून टाकले. एनएमसीएलआय या सेटिंग साठवून ठेवणाऱ्या कमांडने टाकले, नुसत्या आयपी रूट ॲडचा रूट रीबूटला पुसला जातो. आरपी फिल्टर परत १ केला.

आता रूटला हात लावायच्या आधी स्क्रीन नावाच्या प्रोग्रॅममध्ये (कनेक्शन तुटलं तरी तो चालू राहतो) स्लीप ३००, म्हणजे ३०० सेकंद थांब, आणि त्यामागे जुना रूट परत टाकणारी कमांड लावून ठेवतो, जमलं तर कंट्रोल सी, नाही जमलं तर पाच मिनिटं गप्प बसायचं. आणि हो, निघताना रिमोट कन्सोलला केबल लावूनच निघालो.