कुंडीतला वाळुंज: महिना आठवा

आधी जपानी विलोची (विलो म्हणजे पाण्याकाठी वाढणारं झाड) खबर: गेला. 'हाकुरो निशिकी', ती गुलाबी-पांढऱ्या पानांची बुटकी जात. तिला कडक हिवाळा हवा, आणि आमच्या घोडबंदर रोडला थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करणं. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या, मे महिन्यात खोडच वाळलं. पैसे पाण्यात.

वाळुंज मात्र जोरात आहे. हाही विलोच, पण आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठचा. फेब्रुवारीत आंबेगाव तालुक्यातल्या मित्राच्या गावाहून अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब दोन फांद्या आणल्या आणि बरणीतल्या पाण्यात उभ्या केल्या. अकराव्या दिवशी पांढरी मुळं! विलोच्या सालीखाली मुळांचे कोंब आधीपासूनच दबून असतात, त्यामुळे मुळं फुटायला रूटिंग पावडरची गरजच पडत नाही. एक फांदी मी उलटी खोचली होती, ती कुजली. असो.

आता बारा इंची कुंडीत साडेतीन फूट उंची. पानं लांबट, कडा बारीक दातेरी, खालची बाजू पांढुरकी. वारा आला की सगळं झाड एकदम उजळतं. बाल्कनी पश्चिमेची, दुपारनंतर चांगलं ऊन.

खरं काम पाण्याचं. मे महिन्यात सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत संपायचं, शेंडे माना टाकायचे. मग कुंडीखाली खोल परात ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीत डासांवरून बोलाचाली, आणि त्यांचं चुकत नव्हतं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. परात काठोकाठ खडीनं भरली, पाणी खडीच्या दोन बोटं खालीच ठेवतो. उघडं पाणी नाही, मुळं मात्र ओली. एरवी कुंडीत पाणी साचलं म्हणून आपण हळहळतो, याला मात्र ते मानवतं.

जुलैत अळ्यांनी बरीच पानं खाल्ली. हातानं वेचल्या, महिन्याभरात पालवी परत आली. शेंडे तीनदा खुडले, त्यामुळे खालून सात फांद्या फुटल्यात.

मुळं भोकातून बाहेर पडून परातीत पसरलीत. जमिनीत लावणाऱ्यांनो, ड्रेनेज लाइनपासून लांब ठेवा.

नर की मादी, हे फुलोरा आल्यावर कळेल; दोन्ही झाडं वेगळी असतात. मादी निघाली तर कापूस उडेल, म्हणजे पुन्हा सोसायटी. छाटणी जानेवारीत करणार आहे. फांद्या हव्या असतील त्यांनी त्याआधी सांगा.