अंधारावरून सापडलेलं गाव

शनिवार, रात्री साडेअकरा

आत्ताच डोंगरावरून खाली आलो. झोप येईलसं वाटत नाही, म्हणून वही उघडली.

जन्म या गावातला, शाळा इथली, नोकरीही इथेच. डोंगर तर रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. पण रात्री वर जाऊन कठड्याशी उभं राहावं, असं इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. दादा सुट्टीवर आलाय, त्यानेच हट्ट धरला.

वर पोचल्यावर आधी काही उमगेचना. खाली नुसते दिवेच दिवे, सांडल्यासारखे. दादाने विचारलं, "आपलं घर कुठंय, सांग बरं." मी बोट दाखवलं ते भलत्याच बाजूला. आतून काहीतरी लागलंच मला. ज्या गावाची गल्ली न् गल्ली डोळे मिटून सांगेन, ते समोर पसरलं होतं आणि मला ओळखता येत नव्हतं.

दादाने मोबाइल पर्समध्ये ठेवायला लावला. अंधाराला डोळे नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पडद्याकडे एकदा जरी पाहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं तो म्हणाला. मग आम्ही कठड्यावर गप्प बसून राहिलो. दगड अजून दिवसभराच्या उन्हाने कोमट होता.

हळूहळू दिव्यांच्या मधला अंधार दिसायला लागला, आणि गाव सापडलं ते त्यातच. तो मोठा काळा तुकडा म्हणजे तळं. त्याच्या पलीकडच्या काठावर दिव्यांच्या दोन रांगा, वरची स्थिर आणि खालची थरथरणारी, पाण्यातली. तळ्याच्या अलीकडे काळा चौकोन, ते शाळेचं मैदान. मैदान हाती लागलं आणि पुढचं सगळं भराभर जुळत गेलं: शाळा, मागची गल्ली, गल्लीच्या टोकाला आम्ही.

इतकं जवळ? हात लांब करून मूठ धरली, तर शाळा आणि घर दोन्ही तिच्याआड जात होती. हीच वाट पहिलीत असताना दप्तर घेऊन संपता संपायची नाही. मधल्या वळणावरच्या पडक्या भिंतीपाशी मी रोज थांबायचे, पट्टे सैल करायचे, परत चालायला लागायचे. माझ्या डोक्यातलं गाव त्या पायांनी मोजलेलं आहे. म्हणून तर बोट चुकलं.

आणखी एक गोष्ट खालून कधी जाणवली नव्हती. गाव कसं वाढत गेलं, ते दिव्यांच्या रंगात दिसत होतं. जुन्या पेठेत अजून सोडियमचे पिवळे दिवे आहेत. बाहेरच्या वसाहतींत सगळा पांढरा एलईडी. त्या पांढऱ्याच्या मुळाशी निळा दिवा असतो, त्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा करतात. तो निळा जमवण्यासाठी शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं घालवली, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. पांढऱ्या उजेडात रस्ता स्वच्छ दिसतो, हे खरंच. तरी माझा जीव त्या पिवळ्या तुकड्यात. त्या उजेडात रंग नीट कळत नसत. माझा लाल फ्रॉक संध्याकाळी तपकिरी होऊन जायचा, आणि घरच्या दारात पाऊल टाकलं की परत लाल. मला ती जादू वाटायची.

सगळं गाव किंचित लुकलुकत होतं. तापलेली छपरं आणि रस्ते रात्री ऊब सोडतात, ती हवा हलते आणि तिच्यातून येणारा उजेडही हलतो. ताऱ्यांचं लुकलुकणंही हवेमुळेच.

आमच्या गल्लीतले ठिपके मात्र सगळे सारखेच. शेवटी आईला फोन लावला.

"काय गं, काय झालं? पोचलात ना नीट?"

"पोचलो. आई, गच्चीवरचा दिवा जरा बंद कर आणि परत लाव."

"आता कशाला?"

"कर ना."

ती जिना चढताना तिचा श्वास फोनवर ऐकू येत होता. मग त्या हजारो ठिपक्यांतला एक विझला. लागला. पुन्हा विझला, पुन्हा लागला. दोनदा करायला मी सांगितलं नव्हतं. मी दादाचा हात घट्ट धरला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तेवढ्यात आमच्याच गल्लीवर कुणीतरी बाण सोडला. हिरवा झुबका फुटला, आणि त्याच क्षणी फोनमध्ये धाडकन आवाज. आई दचकली, "अगंबाई!" म्हणाली. डोंगरावर मात्र शांतता. दादा हलकेच आकडे मोजायला लागला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि घर इथून तीनेक किलोमीटर. नऊ म्हणता म्हणता तोच आवाज हवेतून, अगदी मवाळ होऊन, आमच्यापर्यंत पोचला.

आई फोनवर विचारत होती, "दिसला का गं दिवा?"