वीस मिनिटं नळीला हात नाही

रत्नागिरी. भातकापणीचे दिवस.

कापणी लागली की फुरसं हा विषारी साप चावलेले रुग्ण येणारच. कोणी गडग्याचा जांभा हलवलेला असतो, कोणी पतेरा गोळा करत असतो. सांगताना पुष्कळदा 'काटा लागला' एवढंच सांगतात. मेडिसिनच्या पोस्टिंगला आलेल्या मुलांना या दिवसांत रक्त गोठण्याची २० मिनिटांची तपासणी स्वतःच्या हाताने करता आलीच पाहिजे. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला इथे वेळ नसतो.

शिरेतून २ मिली ताजं रक्त. नळी काचेची, नवी, कोरडी. रक्त लगेच नळीत, वेळ लगेच केसपेपरवर. मग २० मिनिटं नळी उभी ठेवायची आणि शेवटी एकदाच तिरकी करायची. गोळा जागेवर राहिला तर ठीक. रक्त पातळच वाहिलं तर विषाने गोठण्याचे घटक खाऊन टाकलेत.

मुलं चुकतात ती नळीत. काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर निरोगी माणसाचंही रक्त पातळ दिसू शकतं, आणि गरज नसताना एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, जातं. दुसरी खोड म्हणजे पाच-पाच मिनिटांनी नळी हलवून बघणं. शंका असेल तर नातेवाइकाचं रक्त तशाच दुसऱ्या नळीत घालून शेजारी ठेवावं.

रक्त गोठलं नाही तर एएसव्हीच्या १० व्हायल, साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. एएसव्हीची जोरदार अ‍ॅलर्जी आलीच तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं. पुढची तपासणी ६ तासांनी: यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी नळी बघून डोस वाढवणं चूक.

पहिली नळी गोठली म्हणून रुग्णाला घरी धाडू नये. तपासणी पुन्हा पुन्हा करायची, हिरड्या आणि लघवीचा रंग बघत राहायचं. आणि मण्यार असेल तर नळी काहीच सांगणार नाही, कारण तिचं विष रक्त नाही तर मज्जासंस्था गाठतं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, दंशाची खूणही नाही, अशा वेळी पापण्या बघाव्यात. वर बघायला सांगून डोळे मिटू लागतात का ते पाहावं, मग एका श्वासात आकडे मोजायला लावावं. तासाभरापूर्वी २५ पर्यंत जाणारा आता १२ वर थांबला, तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी घ्यायची.