लिफ्टमधला फोन आणि सात आकडी नंबर

मी न्यू जर्सीत टेलिफोन लाइन, फायर अलार्म पॅनल, लिफ्टमधले इमर्जन्सी फोन अशी कामं करतो. लोकांना वाटतं लँडलाइन आता संपली, घरात कोण ठेवतंय. खरं आहे, माणसं वापरत नाहीत, पण मशिनं अजून वापरतात. लिफ्ट, अलार्म, गेटचा इंटरकॉम, जुनी फॅक्स. वर्षानुवर्षं तोच नंबर फिरवत बसलेली असतात आणि तो नंबर कोणी कधी भरला हे बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नसतं.

ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे ९०८ आणि ८५६ हे दोनच एरिया कोड (नंबरच्या पुढचे तीन आकडे, आपल्या एसटीडी कोडसारखे) असे उरले होते जिथे लोकल फोन लावायला नुसते सात आकडे चालायचे. बाकीच्या राज्यात केव्हाच दहा आकडी डायलिंग सुरू झालं होतं. मग ९८८ आला. आत्महत्येचे विचार येतात किंवा मनानं पार खचलोय अशा माणसासाठी तीन आकडी राष्ट्रीय हेल्पलाइन. आधी त्यासाठी १-८०० चा लांबलचक नंबर होता, तो संकटाच्या वेळी कोणाला आठवणार. निर्णय अगदी योग्य, माझ्या मते फार आधी व्हायला हवा होता. पण अडचण अशी की ९०८ आणि ८५६ मध्ये ९८८ नं सुरू होणारे साधे लोकल नंबर आधीपासून होते, म्हणजे कोणी ९-८-८ दाबलं की एक्सचेंजला कळणार कसं, याला हेल्पलाइन हवीय की अजून चार आकडे यायचेत? थांबून बघायचं म्हटलं तर हेल्पलाइनवाल्याचे सेकंद वाया जातात. म्हणून देशातल्या अशा ८० हून जास्त एरिया कोडमध्ये २४ ऑक्टोबर २०२१ पासून सात आकडी डायलिंग बंद. सात आकडे फिरवले की रेकॉर्डिंग वाजणार, एरिया कोडसकट पुन्हा लावा म्हणून. हेल्पलाइन स्वतः जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, पण रस्ता आधी मोकळा करून ठेवला.

त्याच आठवड्यात सॉमरसेट काउंटीतल्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या बिल्डिंगमधून फोन आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक आजी पाऊण तास होत्या. आता सुखरूप आहेत, पण लिफ्टचा फोन लागत नाहीये, लगेच या.

पोचलो तर सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल बघणारा माणूस, दारातच उभा. बिचारा रडकुंडीला आलेला. दर महिन्याला बटन दाबून बघायचा तो, मागच्या महिन्यात व्यवस्थित लागला होता म्हणाला, आणि खरंच होतं ते, रजिस्टरमध्ये त्याची सही होती. लिफ्टच्या मेकॅनिकनं लिफ्ट तळमजल्यावर बंद करून ठेवली होती. मी आत गेलो आणि बटन दाबलं. डायल टोन, मग टकटक सात आकडे, आणि पाठोपाठ एका बाईचा स्वच्छ, शांत रेकॉर्ड केलेला आवाज: कॉल पूर्ण होऊ शकत नाही, फोन ठेवा आणि एरिया कोड लावून पुन्हा डायल करा.

फोन ठेवणार कुठे आणि डायल काय करणार? त्या पॅनलवर एकच लाल बटन होतं. कीपॅड नाही, रिसीव्हर नाही, स्टीलची जाळी आणि एक बटन.

आणि त्या फोनच्या लेखी कॉल लागला होता. लाइनवर कोणीतरी बोलतंय म्हटल्यावर त्याचं काम झालं, तो कशाला दुसऱ्या नंबरकडे वळतोय. पुन्हा दाबा, पुन्हा तेच सात आकडे, पुन्हा तीच बाई.

आजी लॉबीत खुर्चीवर बसल्या होत्या, पुढ्यात वॉकर, हातात पाण्याचा ग्लास. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. मोबाइल घरी राहिला होता, फक्त खाली पत्रपेटी बघायला निघाल्या होत्या. मी सहज विचारलं की बटन दाबल्यावर काय झालं, तर म्हणाल्या, अहो, ती बाई मला परत परत सांगत होती डायल करा, मी तिला सांगत होते की बाई गं, मी लिफ्टमध्ये आहे, माझ्याकडे फोन नाहीये, तू कोणालातरी पाठव. त्यांना वाटलं समोर खरी बाई आहे आणि ती ऐकून घेत नाहीये. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी दारावरची थाप ऐकली म्हणून सुटका झाली. मला दोन मिनिटं काही बोलताच येईना. इतकी वर्षं या धंद्यात आहे, बंद फोन रोज बघतो, पण फोन चालू असून माणसाला असं एकटं पाडतो हे पहिल्यांदा बघितलं.

वर मशीन रूममध्ये लाइन कुठून येते बघायला गेलो. टेलिफोनच्या जंक्शनशेजारी कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, पिवळी पडलेली, त्यावर त्या लाइनचा स्वतःचा नंबर. आधी २०१ लिहिलेलं, ते पेनानं खोडून वर ९०८ केलेलं, सात आकडे तेच. त्या एका चिठ्ठीत सगळं आलं. १९४७ मध्ये अमेरिकेत एरिया कोड ठरले तेव्हा अख्ख्या न्यू जर्सीला एकच कोड होता, २०१, आणि याच राज्यातल्या एंगलवूडच्या महापौरांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये ऑपरेटरशिवाय थेट कॅलिफोर्नियाला फोन लावला होता. पुढे दक्षिण भाग तोडून ६०९ केला. १९९१ मध्ये २०१ मधून ९०८ निघाला, चिठ्ठीवरची खाडाखोड तेव्हाचीच. मग फॅक्स, पेजर, मोडेम, मोबाइल आणि त्यात नव्या टेलिफोन कंपन्या. एका एरिया कोडमध्ये जेमतेम ७९ लाख नंबर बसतात आणि ते १०,००० च्या गठ्ठ्यानं वाटले जायचे, नव्या कंपनीचे गावात शंभर गिऱ्हाईक असले तरी गठ्ठा अख्खा. त्यामुळे नंबर वापरून नाही, वाटूनच संपले. १९९७ मध्ये ९०८ मधून ७३२ निघाला (एडिसन गावातली आपली भारतीय मंडळी त्यात गेली), त्याच वर्षी २०१ मधून ९७३, आणि १९९९ मध्ये ६०९ मधून ८५६. गठ्ठे १,००० चे करायला २००० नंतर सुरुवात झाली, तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

तोपर्यंतची पद्धत तोडण्याची होती. अर्ध्या लोकांचा कोड बदलायचा, दुकानदारांच्या पाट्या, लेटरहेड सगळं नवीन, पण शेजारच्याला मात्र सात आकड्यांतच फोन लागायचा. न्यू जर्सीत २००१ मध्ये दुसरी पद्धत आली, त्याच भागावर दुसरा कोड चढवायचा. २०१ वर ५५१, ७३२ वर ८४८, ९७३ वर ८६२, आणि २०१८ मध्ये ६०९ वर ६४०. यात कोणाचा नंबर बदलत नाही, फक्त सगळ्यांना दहा आकडे फिरवावे लागतात. मला विचाराल तर हीच पद्धत बरी, माणसाचा नंबर हिसकावून घेऊ नये. इथे नंबरची लांबी ठरलेली, तीन, तीन, चार, त्यात आकडा वाढवायची सोय नाही, म्हणून कोडच वाढवत बसावे लागतात. आपल्याकडे उलट झालं. मुंबईचा ०२२ तसाच ठेवून २००२ च्या सुमारास सात आकडी नंबरांच्या पुढे २ लावला आणि आठ आकडी केला. जानेवारी २०२१ मध्ये लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवायचा नियम आला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी ऑफिसांत स्पीड डायल बदलावे लागले असतील, ते मला त्या मशीन रूममध्ये उभं असताना आठवलं.

तर या लिफ्टच्या फोनमध्ये ज्यानं सात आकडे भरले त्यानं त्या काळी बरोबरच केलं होतं. मॉनिटरिंग सेंटर, म्हणजे लिफ्टमधले असे कॉल जिथे उचलले जातात ती जागा, त्याच ९०८ मध्ये होतं, त्यामुळे कुठल्याही तोडातोडीचा त्याला धक्का लागला नाही. गडबड नोटीसची होती. एप्रिलपासून बिलांबरोबर सूचना येत होत्या, पण या लाइनचं बिल दुसऱ्या राज्यातल्या मॅनेजमेंट ऑफिसात जायचं, तिथे ते ऑटोपेवर भरलं जायचं, आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीला टेलिफोन आपलं काम वाटत नव्हतं. सुपरपर्यंत कागद पोचलाच नाही. याचा मला मनापासून राग आला आणि मी तो मॅनेजमेंटच्या माणसाला फोनवर स्पष्ट सांगितला.

दुरुस्ती म्हणाल तर दहा मिनिटांची. बाहेरून त्या लाइनवर कॉल केला, लिफ्टचा फोन आपोआप उचलतो, पासकोड दिला, पहिल्या नंबरच्या जागी ९०८ आणि पुढचे सात आकडे भरले, दुसऱ्या जागी टोल फ्री नंबर टाकला. टेस्ट करणार तेवढ्यात आजी वॉकर घेऊन दारात आल्या, म्हणाल्या बटन मी दाबणार. दाबलं. ऑपरेटरनं उचललं, बिल्डिंगचा पत्ता वाचून दाखवला, विचारलं काय मदत हवी. आजींनी आधी त्याला विचारलं, तू खरा माणूस आहेस ना? तो हो म्हणाला, तरी त्यांनी त्याचं नाव विचारून घेतलं आणि मगच बटनावरचा हात काढला.

निघण्याआधी तळघरात फायर अलार्मचं पॅनल उघडून बघितलं, कारण त्याच कंत्राटात ते असणार हा अंदाज होता. तिथेही पहिला नंबर सात आकडीच. पण अलार्म पॅनल समोरून ठराविक टोन आल्याशिवाय कॉल लागला असं मानत नाही, त्यामुळे ते दर वेळी पहिल्यावर अडकून दुसऱ्या, टोल फ्री नंबरवर जात होतं. रोजचा टेस्ट सिग्नल पोचत होता, म्हणून सेंटरलाही शंका आली नाही. दुसरा नंबर भरलेला नसता तर आग लागली असती तरी सेंटरला कळलं नसतं. तोही बदलला, सुपरला समोर उभं करून दोन्ही नंबरांवर सिग्नल जातो हे दाखवलं.

पुढचे कित्येक आठवडे आमचं तेच काम चाललं होतं. ९०८ मधल्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी काढली, शाळा, चर्च, देवळं, गोदामं, दातांचे दवाखाने. लिफ्टवाले आधी, मग अलार्म, मग गेट. बहुतेक ठिकाणी माणूस म्हणायचा आमच्याकडे लँडलाइन नाहीच, आणि मग तळघरात दोन-तीन निघायच्या.